चार दिवस साताऱ्यात, ना. सं. इनामदारांच्या कादंबऱ्या घेऊन

ना. सं. इनामदारांचा वाचक पुण्यात शनिवारवाडा बघतो, मनात असलं तर पाबळला मस्तानीच्या कबरीपर्यंत जाऊन येतो. साताऱ्याला त्यासाठी येणारे थोडे. खरं तर पेशवे पुण्यात राहत असले तरी त्यांना पेशवाईची वस्त्रं द्यायची ती साताऱ्याच्या छत्रपतींनी. इनामदारांच्या कादंबऱ्यांतली माणसं पुण्यात जगतात, पण त्यांच्या मानाचा, नेमणुकीचा आणि अपमानाचा निवाडा अनेकदा अजिंक्यताऱ्याच्या सावलीत झालेला आहे. त्यातून इनामदार स्वतः याच जिल्ह्यातले. २३ नोव्हेंबर १९२३ चा जन्म, सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावचा.

आधी पुस्तकं. झेप १९६३, झुंज १९६६, मंत्रावेगळा १९६९, राऊ १९७२, शहेनशहा १९७६, शिकस्त १९८३ आणि राजेश्री १९८६. त्यांचे नायक कोण आहेत ते बघा. गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाचा ठपका कपाळी असलेला त्रिंबकजी डेंगळे, लुटारू म्हणून रंगवला गेलेला यशवंतराव होळकर, 'पळपुटा' हेच नाव पडलेला दुसरा बाजीराव, घराण्याने कधी आपली म्हटली नाही ती मस्तानी, पानिपतानंतर सौभाग्य आणि वैधव्य यांच्या मध्येच अडकलेली सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई, आणि थेट औरंगजेब. ज्यांच्यावर निकाल आधीच लागून गेलाय अशांचा खटला पुन्हा उघडायचा, हे इनामदारांचं काम. १९९७ साली अहमदनगरला भरलेल्या सत्तराव्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १६ ऑक्टोबर २००२ रोजी ते गेले.

तयारी म्हणजे 'राऊ' आणि 'मंत्रावेगळा' घरूनच वाचून यायच्या. बाकीच्या नंतर वाचल्या तरी चालतं. पुस्तकं जाडजूड आहेत, सातही पाठीवर घेऊन गड चढू नये. त्याऐवजी तीन रकाने आखलेली एक वही घ्यावी. पहिल्या रकान्यात कादंबरीतला प्रसंग, दुसऱ्यात त्याबद्दल पत्र, बखर किंवा शिलालेख काय सांगतो ते, तिसऱ्यात जागेवर दिसलं ते. दुसरा रकाना जिथे कोरा राहतो, तिथे कादंबरीकाराने लिहिलंय. चार दिवसांत असे कोरे चौकोन पुष्कळ सापडतात, आणि खरी मजा त्यांच्यातच आहे.

हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. पावसाळ्यात कृष्णा चढली की माहुलीचे घाट पाण्याखाली असतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर शनिवार-रविवारी कासच्या फुलांसाठी इतकी गर्दी होते की साताऱ्यात खोली मिळत नाही. वार धरायचे गुरुवार ते रविवार, कारण शासकीय वस्तुसंग्रहालयं सोमवारी बंद असतात. रेल्वेने येणार असाल तर एक लक्षात ठेवा, सातारा स्टेशन गावात नाही. ते माहुलीच्या बाजूला आहे, तिथून पोवई नाक्यापर्यंत रिक्षा किंवा एसटी करावी लागते.

पहिला दिवस, गुरुवार : अजिंक्यतारा आणि शहर

गडावर साडेसहापर्यंत पोचावं. नऊनंतर धुरकट होतं, आणि आजचा सगळा कार्यक्रम लांबवरचं दिसण्यावर आहे. गाडी जवळजवळ दरवाजापर्यंत जाते. चालत यायचं तर शहरातून पाऊण तास धरा. माणशी दोन लिटर पाणी बरोबर हवं. वर तळी आहेत, पण त्यांचं पाणी पिण्याजोगं नाही, आणि उन्हाळ्यात बरीच आटतात.

लागोपाठचे दोन दरवाजे ओलांडले की तटावरून फेरी सुरू करायची. दीड-दोन तास लागतात. ही फेरी 'शहेनशहा' डोक्यात ठेवून करायची आहे. ८ डिसेंबर १६९९ च्या सुमाराला औरंगजेबाने या गडाला वेढा घातला, तेव्हा तो ८१ वर्षांचा होता. उत्तरेकडच्या तटावर उभं राहून खाली बघा. शहरातच मिसळून गेलेलं करंजे दिसतं, तिथे बादशहाची स्वतःची छावणी होती. पश्चिमेला शहाजादा आझमशहाचा तळ होता, त्याच्यावरून त्या जागेला शहापूर नाव पडलं. पूर्वेला, आज जिथून महामार्ग जातो त्या अंगाला, तरबियतखान होता आणि दक्षिणेला शिर्झीखान. तटावरून एक फेरी मारली की चारही तळांच्या जागा दिसतात. नकाशावर हा वेढा नुसता गोल वाटतो, वरून पाहिलं की त्यातली फट कळते. नैर्ऋत्येला परळीचा किल्ला म्हणजे सज्जनगड उभा आहे. तिथून परशुराम त्रिंबक या गडाला दाणागोटा पोचवत होते, आणि तो पोचत होता आझमशहाच्या बाजूने, त्याच्या लोकांच्या संगनमताने. बादशहा एका बाजूला गड जिंकायला बसलाय आणि त्याच्या मुलाच्या मोर्चातून गडावर धान्य चढतंय. बाप-मुलांमधला हा अविश्वास औरंगजेबाने स्वतःच्या तरुणपणी पेरला होता, म्हणून 'शहेनशहा' वाचलेल्याला ही फट जास्त टोचते.

आता मंगळाईच्या बुरुजावर. सुरुंग याच अंगाला लावल्याचं सांगतात. १३ एप्रिल १७०० रोजी दोन सुरुंग उडवले. पहिल्याने तट ढासळला आणि किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले. त्यांना नंतर जिवंत उकरून काढलं. दुसरा सुरुंग फुटला तो बाहेरच्या अंगाला, हल्ल्यासाठी दाटीवाटीने उभ्या असलेल्या मोगलांवरच, आणि त्यांची सुमारे दोन हजार माणसं गेली. तरीही २१ एप्रिलला गड द्यावा लागला. राजाराम महाराज मार्चच्या सुरुवातीलाच सिंहगडावर वारले होते, दाणागोटा संपत आला होता. बादशहाने गडाचं नाव ठेवलं आझमतारा. मग लगेच परळी घेतला आणि त्याचं नाव केलं नवरसतारा. परळी का घेतला, हे धान्याची वाट तटावरून पाहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

इथे वाचक एक चूक करतात. कादंबरीत बादशहाच्या मनात काय चाललं होतं ते वाचलेलं असतं आणि ते इतिहास म्हणून मनात बसतं. वेढ्याच्या तारखा, छावण्या, सुरुंग हे सगळं मधल्या रकान्यात भरता येतं. करंज्याच्या तळावर रात्री म्हाताऱ्याच्या मनात काय आलं असेल, तो चौकोन कोरा. तो इनामदारांचा.

दरवाजाकडे परतताना चार भिंती बघून घ्याव्यात. प्रतापसिंह महाराजांनी १८३० मध्ये दसऱ्याची मिरवणूक पाहण्यासाठी बांधलेली ही जागा, पुढे १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक झाली. दुपारी वस्तुसंग्रहालय. संध्याकाळी राजवाडा चौक. याच चौकातल्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव पटावर चढलं. त्याचा आपल्या विषयाशी संबंध नाही, पण तिथून न थांबता पुढे जाणं आम्हाला बरोबर वाटत नाही.

दुसरा दिवस, शुक्रवार : धावडशी, लिंब, माहुली

आज शाहू महाराजांच्या काळात राहायचं, म्हणजे 'राऊ'च्या. सकाळी साताऱ्याच्या उत्तरेला धावडशी. ब्रह्मेंद्रस्वामींची समाधी आणि भार्गवरामाचं देऊळ इथे आहे. स्वामी बाजीराव आणि चिमाजीअप्पांचे गुरू खरे, पण सावकारही. मोहिमांसाठी पेशव्यांनी त्यांच्याकडून कर्ज काढलं होतं. बाजीरावांनी त्यांना लिहिलेल्या एका प्रसिद्ध पत्राचा आशय असा आहे की सावकारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी झिजली. 'राऊ' वाचताना मोहीम, घोडदौड, विजय असा ओघ मनात तयार होतो. धावडशीला दोन मिनिटं बसलं की त्या घोडदौडीच्या खालचं व्याज आठवतं. शांत गाव आहे, गर्दी नसते, तासभर पुरतो.

तिथून पुणे-सातारा महामार्गावर येऊन लिंबला जायचं. साताऱ्याहून सरळ आलं तर साधारण १६ किलोमीटर. महामार्ग सोडला की गावातून विहिरीपर्यंतचा रस्ता अरुंद आहे. मोठी बस आत नेण्याच्या भानगडीत पडू नका.

बारा मोटेची विहीर शाहू महाराजांच्या घरातल्या विरूबाई भोसले यांनी बांधली. शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १७१९ ते १७२४. फक्त जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची मिती असेल तर ७९ मिळवायचे. पेशवाईची पत्रं वाचायला लागलात तर आणखी दोन सनांशी गाठ पडते. सुहूर सनात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे. फसली सनात तसेच ५९० आणि ५९१. हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले की अर्धे घोटाळे टळतात.

विहीर अष्टकोनी आहे, वरून पाहिलं तर शिवलिंगासारखी दिसते. व्यास ५० फूट, खोली ११० फूट. काठावर १५ मोटांची सोय आहे, त्यातल्या १२ एका वेळी चालत, म्हणून हे नाव. मोट ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, नाहीतर काठावरचे दगड नुसते दगडच राहतात. मोट म्हणजे कातड्याची पोतडी. तिच्या तोंडाला लोखंडी कडं, मागे लांब सोंड. तोंडाला जाड नाडा बांधलेला, तो वरच्या चाकावरून बैलांच्या जुवापर्यंत जातो. सोंडेला बारीक दोर, तो खालच्या लाटेवरून, म्हणजे लाकडी रुळावरून. बैल विहिरीपासून दूर उतरत्या धावेवर चालायला लागले की भरलेली मोट वर येते. ती काठाशी पोचते तेव्हा सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडीत, मोकळी होते, पाणी थारोळ्यातून पाटात आणि पाटातून बागेत. बाग आंब्याची होती, ३,३०० झाडांची असं सांगतात. मोटा एकमेकींना अडत नाहीत त्याचं कारण काठावरच्या जागा अष्टकोनाच्या बाजूंनी वाटून दिल्यात. मोट कमी भरून येण्याची कारणंही इथे उभं राहून कळतात. सोंडेच्या दोराची लांबी चुकली की पाणी वाटेतच सांडतं, नाहीतर सोंड थारोळ्यात नीट येतच नाही.

मुख्य विहीर आणि मागची चौकोनी विहीर यांच्या मध्ये पुलासारखं बांधकाम आहे, त्यात छोटासा महाल. कोरीव खांब, वर मोकळी बैठक. या जागेवर आमचा इतका जीव का, तर 'राऊ' ज्या काळात घडते त्या काळातली ही वास्तू जवळपास जशीच्या तशी उभी आहे. बाजीरावांना पेशवाई मिळाली १७२० मध्ये, म्हणजे विहिरीचं काम चालू असताना. शाहू महाराजांच्या घरातल्या स्त्रीकडे असं बांधकाम उभं करण्याइतका पैसा आणि अधिकार होता, हे डोळ्यांनी पाहिलं की पुण्यात मस्तानीला जे नाकारलं गेलं त्याचं वजन कळतं. पायऱ्या शेवाळलेल्या असतात. पाण्याच्या काठाला कठडा नाही, लहान मुलांचा हात सोडू नये. रविवारी इथे फोटोवाल्यांची रांग लागते, म्हणून शुक्रवार.

दुपारी चारनंतर माहुली. साताऱ्याच्या पूर्वेला, कोरेगाव रस्त्याने पाचेक किलोमीटर. रिक्षावाल्याला नुसतं माहुली सांगू नका. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर अलीकडे संगम माहुली आणि कृष्णेच्या पलीकडे क्षेत्र माहुली, अशी दोन गावं आहेत. आपल्याला आधी संगम माहुली हवी. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधलेलं विश्वेश्वराचं देऊळ इथलं. क्षेत्र माहुली हे रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव, तिथे रामेश्वराचं देऊळ आहे. उजेड उरला तर पूल ओलांडून ते बघावं.

शाहू महाराजांची समाधी संगम माहुलीला. ते १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात वारले. शेजारी त्यांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघाच्या तावडीतून त्याने महाराजांना वाचवलं अशी कथा आहे. ताराबाईंची समाधीही याच काठावर. आयुष्यभर एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले काकू आणि पुतण्या आता हाकेच्या अंतरावर आहेत. ताराबाईंच्या समाधीची पडझड फार झाली आहे, नदी उतरली की ती नीट दिसते. दगडांवर पाय देऊन चढू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

इथे 'राऊ'ची वही उघडायची. मस्तानीचा विश्वसनीय उल्लेख कागदोपत्री पहिल्यांदा येतो तो जानेवारी १७३० मध्ये, नानासाहेबांच्या लग्नाच्या वेळचा. त्याआधीचं जे काही आहे, छत्रसालाच्या दरबारापासून पुण्यापर्यंत, त्यात दंतकथा भरपूर. तिला अटकेत ठेवल्याची पत्रं आहेत. आणि त्या अटकेच्या काळात, १७४० च्या आरंभी, साताऱ्याहून गोविंद खंडेराव चिटणीसांचं पत्र पुण्याला गेलं. मस्तानीला अडकवणं महाराजांना पसंत नाही, बाजीरावांचं मन दुखवू नये, असा त्याचा आशय. २८ एप्रिल १७४० ला बाजीराव रावेरखेडीला वारले. म्हणजे पेशव्यांच्या घरातलं माणूस जे बोलू शकलं नाही, ते साताऱ्याच्या छत्रपतींनी चिटणिसामार्फत कळवलं होतं. ज्यांची समाधी समोर आहे, त्यांनी. शाहू महाराजांना दुबळा, ऐषारामी राजा समजणाऱ्या वाचकाने हे पत्र समाधीजवळ बसून आठवावं. १८ वर्षं मोगलांच्या कैदेत काढलेल्या माणसाला कुणाला डांबून ठेवणं आवडलं नसावं, असं आम्हाला वाटतं. तो आमचा अंदाज, वहीच्या मधल्या रकान्यात तो येत नाही.

'राऊ' वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी आधी २०१५ चा 'बाजीराव मस्तानी' सिनेमा पाहिलेला असतो. तो या कादंबरीवर आधारलेला आहे, पण नाच, आरसेमहाल आणि पेहराव सिनेमाचे. वही लिहिताना सिनेमा चौथा रकाना करून वेगळा काढावा, नाहीतर सगळी सरमिसळ होते.

अंधार पडायच्या आत माहुलीचं दुसरं पान. ऑगस्ट १८१७ मध्ये दुसरे बाजीराव याच माहुलीत होते आणि इथे त्यांना इंग्रजांचा अधिकारी जॉन माल्कम भेटला. जूनमध्येच पुण्याचा तह त्यांच्यावर लादला होता. त्रिंबकजीला पकडून देण्यासाठी सिंहगड, पुरंदर आणि रायगड गहाण ठेवून घेतले होते. माल्कमने त्यांची गाऱ्हाणी ऐकली आणि पेंढाऱ्यांवरच्या मोहिमेसाठी फौज वाढवण्याचा सल्ला दिला. बाजीरावांनी फौज वाढवली, आणि ५ नोव्हेंबरला तीच खडकीला इंग्रजांवर गेली. 'मंत्रावेगळा'तला बाजीराव समजून घ्यायला हा घाट उपयोगी पडतो. पळणारा माणूस सगळ्यांना दिसतो. भर पावसाळ्यात नदीकाठी बसून, ज्याच्याकडे गाऱ्हाणं मांडायचं तोही इंग्रजच, असा माणूस दाखवायला कादंबरीकार लागतो. बाजीरावांचा दोष इनामदार झाकतात का? आमच्या मते थोडा झाकतात. कर्तबगार सरदारांची त्यांनी केलेली हेळसांड या सहानुभूतीत फिकी पडते. तरी त्या काळाची कोंडी मराठीत इतक्या जवळून फार थोड्यांनी लिहिली आहे.

तिसरा दिवस, शनिवार : वाई आणि मेणवली

आजचा दिवस कागदांचा. सातारा ते वाई साधारण ३५ किलोमीटर, एसटी भरपूर. ढोल्या गणपतीचा घाट सकाळी लवकर बघावा. वाईला मुद्दाम यायचं ते इतिहासाच्या साधनांसाठी. वि. का. राजवाड्यांना पानिपतच्या काळातली पत्रं हाती लागली ती इथेच, आणि त्यांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. पानिपतावर त्यानंतर मराठीत जे काही उभं राहिलं त्याच्या पायात हा खंड आहे. 'शिकस्त' पार्वतीबाईंची. सदाशिवरावभाऊंचा मृतदेह खात्रीने ओळखला गेला की नाही या शंकेवर त्यांनी जन्म काढला, आणि मग भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला. १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. राजवाड्यांच्या खंडात फौजा, खर्च, कूच, मुक्काम यांची पत्रं आहेत. पार्वतीबाईंचा आवाज त्यात शोधू गेलं तर हाती काही येत नाही. मधला रकाना जवळजवळ सबंध कोरा असताना शेकडो पानांचं आयुष्य उभं करणं, हे 'शिकस्त'चं यश आम्ही 'राऊ'पेक्षा मोठं मानतो, लोकप्रियता कमी असली तरी.

तारखांचा एक घोटाळा इथेच सांगून टाकतो. एकाच घटनेच्या दोन पुस्तकांत दहा-अकरा दिवसांच्या फरकाने दोन तारखा दिसतात आणि वाचक लेखकाला चूक धरतो. इंग्रजांनी १७५२ मध्ये पंचांग बदललं. त्याआधीच्या तारखा आपले इतिहासकार बहुधा जुन्या पद्धतीने देतात. औरंगजेब वारला ती तारीख कुठे २० फेब्रुवारी १७०७ असते, कुठे ३ मार्च. दोन्ही बरोबर. १७०० नंतर फरक ११ दिवसांचा, त्याआधी १० चा.

मेणवली वाईपासून तीन किलोमीटर. नाना फडणिसांचा वाडा, सहा चौकांचा. वाडा खाजगी आहे, दारात पैसे घेतात, काही चौक बंद असतात. भिंतींवरची चित्रं बघताना फ्लॅश वापरू नये. मागच्या दाराने कृष्णेच्या घाटावर उतरलं की मेणेश्वराच्या देवळाजवळ मोठी घंटा टांगलेली दिसते. साडेसहाशे किलोच्या आसपास वजन, १७०७ साली ओतलेली, अंगावर मेरी आणि बालयेशू. वसईच्या लढाईतली ही लूट. चिमाजीअप्पांनी वसई घेतली ती मे १७३९ मध्ये, म्हणजे 'राऊ'च्या अखेरच्या प्रकरणांच्या काळात. ज्या महिन्यांत पुण्याच्या घरात मस्तानीवरून ताण वाढत होता त्याच महिन्यांत धाकटा भाऊ समुद्रकाठी सुरुंग लावत होता. घंटा बघताना हे जोडून बघावं.

नानांचं दप्तर या वाड्यात होतं. पुढे ते द. ब. पारसनीसांच्या हाती आलं. पारसनीस साताऱ्याचे, 'इतिहास संग्रह'चे संपादक. त्यांनी साताऱ्यात ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय उभारलं, आणि पुढे १९३९ मध्ये ते पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवलं गेलं. त्यामुळे मूळ कागद बघायच्या आशेने मेणवलीला आलात तर वाडा मिळेल, दप्तर नाही. कागद हवेत तर पुणे गाठायला हवं, किंवा निवडक पेशवे दप्तराचे सरदेसायांनी १९३० नंतर छापलेले ४५ खंड मोठ्या वाचनालयात काढून बसावं. पहिल्यांदा बसणाऱ्याने सगळे खंड मागवू नयेत. बाजीराव-मस्तानीचा खंड कुठला, पानिपतचा कुठला, हे विषयावरून आधी ठरवावं आणि एकाच खंडाला दिवस द्यावा.

साताऱ्याला परतताना ग्रँट डफही आठवावा. १८१८ ते १८२२ तो साताऱ्याचा रेसिडेंट होता आणि त्याच्या इतिहासाची सामग्री त्याने इथे गोळा केली. अजिंक्यताऱ्याच्या वेढ्याचा बराच तपशील त्याच्याचकडून येतो. पुढच्या मराठी इतिहासकारांनी त्याच्या चुका काढल्या त्या योग्यच, पण छावण्यांच्या जागा सांगताना त्याला टाळता येत नाही.

चौथा दिवस, रविवार : सज्जनगड, तळबीड, मसूर

सकाळी सातला सज्जनगड. बोगद्यातून जाणाऱ्या रस्त्याने एसटी जाते. वाहनतळापासून पायऱ्या आहेत. समर्थांची समाधी, अंगलाईचं देऊळ, धाब्याचा मारुती, तळी, असं दीड तासात होतं. आपल्याला इथे 'राजेश्री'साठी यायचं आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या अखेरच्या वर्षांसाठी. १६७८ मध्ये संभाजीराजे इथे राहत होते. डिसेंबरमध्ये गड उतरून माहुलीला संगमावर स्नान करून ते दिलेरखानाकडे गेले. अजिंक्यताऱ्याच्या दिशेला उभं राहिलं की तो रस्ता डोळ्यांसमोर येतो. बाप त्या वेळी दूर, मुलगा या उतारावर. बखरी इथे फार बोलतात, समकालीन कागद कमी बोलतात. त्यामुळे याबाबतीत कादंबरी, बखर आणि कागद नीट वेगळे ठेवणं सगळ्यांत अवघड जातं.

दहा वाजता महामार्ग धरून दक्षिणेला. कऱ्हाडच्या अलीकडे तासवडे टोलनाक्याजवळ तळबीड, हंबीरराव मोहित्यांचं गाव. वर वसंतगड. साताऱ्याला वेढा घालण्याआधी नोव्हेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने हा घेतला आणि नाव दिलं किलीद-इ-फतेह, विजयाची किल्ली. वेळ नसेल तर गड खालूनच बघावा. चढून उतरायला अर्धा दिवस जातो आणि मग मसूर राहतं.

मसूरला उंब्रजवरून जायचं. पुणे-मिरज मार्गावर मसूर स्टेशनही आहे. गावात समर्थस्थापित अकरा मारुतींपैकी एक आहे, बघायला येणारे बहुतेक त्यासाठी येतात. आपण येतो ते १७ एप्रिल १७२० साठी. बाळाजी विश्वनाथ २ एप्रिलला सासवडला वारले. शाहू महाराजांचा मुक्काम तेव्हा मसूरला होता. पंधरा दिवसांत त्यांनी इथे एकोणीस वर्षांच्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रं दिली. दरबारातल्या जुन्या माणसांचा विरोध होता, पोर अननुभवी आहे असं त्यांचं म्हणणं. महाराजांनी ते मानलं नाही.

इथे काय दिसेल याची अपेक्षा आधीच नीट करून यावी. वाडा नाही, पाटी शोधावी लागेल अशीही परिस्थिती, आणि बाजाराच्या गर्दीत कुणाला विचारलं तर मारुतीकडेच बोट दाखवतील. म्हणून वहीत मसूरचं पान असं भरावं. कादंबरीच्या रकान्यात 'राऊ'. कागदाच्या रकान्यात तारीख, जागा, वय. तिसऱ्यात गावाबाहेरचं माळरान, जिथे हजारो माणसांची छावणी मावेल एवढी सपाटी आणि हाकेवर पाणी आहे. रेल्वेफाटकापासून गावाकडे चालत येताना ती सपाटी डाव्या-उजव्या हाताला दिसत राहते.

परतीची गाडी पुण्याची असेल तर उंब्रजला येऊन महामार्गावरची एसटी धरावी. रविवारी संध्याकाळी त्या कऱ्हाड-कोल्हापूरकडून भरून येतात आणि उंब्रजला थांबत नाहीत. त्यामुळे चारच्या आत फाट्यावर असावं, किंवा उलटं कऱ्हाडला जाऊन तिथून जागा मिळवावी.